कॅरावेल, नाऊ की गॅलियन? जुन्या आरमारांची तुलना करायची कशी, नवख्यांसाठी

"सगळ्यात भारी नेव्ही कोणाची होती हो, पोर्तुगीज की स्पॅनिश की इंग्लिश?" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच, बहुतेक वेळा एखादा गेम खेळून झाल्यावर. हसायचं कारण नाही, मी पण असाच होतो. मी तर चक्क एक्सेल शीट केली होती, एका कॉलममध्ये देश, मग जहाजाचं नाव, टन, तोफा, माणसं, आणि शेवटी बेरीज मारून रँकिंग. त्या रँकिंगमध्ये चीन पहिला आला, स्पेन दुसरा, आणि वेंगुर्ल्यापासून जपानपर्यंत वखारी टाकणारे डच कुठेतरी तळाला. तेव्हाच कळायला हवं होतं की काहीतरी गंडलंय, पण नाही, दोन महिने मी त्यात आकडेच भरत बसलो.

तर तुमचे दोन महिने वाचावेत म्हणून हे लिहितोय. साधारण १४०० ते १६५० चा काळ धरा. जहाज बघताना कशानंतर काय बघायचं तो क्रम मी खाली दिलाय, आणि शेवटी आपल्याच किनाऱ्यावरची एक लढाई घेऊन तो वापरून पण बघू.

पायरी १ : आधी साल आणि समुद्र लिहा, देश नंतर

"पोर्तुगीज नेव्ही" अशी एकच एक गोष्ट नसते. १४५० चं पोर्तुगाल म्हणजे आफ्रिकेच्या किनाऱ्याने चाचपडत खाली सरकणाऱ्या छोट्या कॅरावेल. १५५० चं म्हणजे लिस्बन ते गोवा फेऱ्या मारणाऱ्या अवाढव्य नाऊ. आणि १६५० चं म्हणजे डचांकडून मार खाऊन मलाक्का गमावून बसलेलं पोर्तुगाल. यातलं कोणतं पोर्तुगाल तुम्ही तुलनेला घेताय ते आधी ठरवा.

समुद्राचंही तेच. भूमध्य समुद्रात उन्हाळ्यात पाणी बऱ्यापैकी शांत असतं, वारा पडतो, बंदरं जवळजवळ, तिथे वल्ह्यांवर चालणारी गॅली राज्य करायची. १५७१ च्या लेपांटोच्या लढाईत दोन्ही बाजूंना दोनशेच्या वर गॅली होत्या. आता हीच गॅली अटलांटिकमध्ये आणा. १५८८ ला स्पेनचं जे मोठं आरमार इंग्लंडवर निघालं त्यात ४ गॅली होत्या, इंग्लंडच्या खाडीपर्यंत एकही पोचली नाही. गॅली वाईट नव्हती हो, समुद्र तिचा नव्हता.

चीनचं माझ्या शीटमध्ये काय झालं ते पण इथेच सांगतो. झेंग ह या चिनी दर्यासारंगाची सात आरमारं १४०५ ते १४३३ मध्ये निघाली, पहिल्याच सफरीत २७ हजारांच्या वर माणसं होती, आपल्या कालिकतला ती येऊन गेली, पुढे आफ्रिकेपर्यंत गेली. आकड्यांत त्या काळात त्यांच्या जवळपास सुद्धा कोणी नव्हतं. (त्यांच्या सगळ्यात मोठ्या जहाजांची लांबी चिनी ग्रंथांत १२० मीटरच्या वर जाते, त्यावर अभ्यासक अजून भांडतायत.) पण १४३३ नंतर हे सगळं बंद झालं, आणि वास्को द गामा आला १४९८ ला. मधे ६५ वर्षं. त्या दोघांची मॅच लावणं म्हणजे आजोबा आणि नातू यांची कुस्ती, ती पण दोघं पंचवीस वर्षांचे आहेत असं समजून.

पायरी २ : शिडं बघा, बाकी सगळं त्याच्यानंतर

हे मला पुस्तकातून कळलं नव्हतं. रेवदंड्याला जेट्टीवर एका म्हाताऱ्या तांडेलकाकांनी (तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या) दोन मिनिटांत समजावलं. गळ्यातला रुमाल काढला, दोन हातांनी चौकोनी ताणून धरला आणि मला म्हणाले मागून फुंकर मार. रुमाल फुगला. "हा पाठीवरचा वारा. आता पळणार." मग तोच रुमाल तिरका दुमडून त्रिकोण केला, एका काठीला लावला, काठी तिरपी धरली, आणि बाजूने फुंकायला सांगितलं. "वाऱ्याच्या तोंडात कोणीच जात नाय. पण वाऱ्याला खांदा देऊन जाता येतं."

बस, कॅरावेल म्हणजे हेच. आखूड, हलकं, साधारण ५० ते १०० टनांचं जहाज, दोन-तीन डोलकाठ्या, आणि प्रत्येकीवर तिरप्या परबाणाला लावलेलं त्रिकोणी शीड. (परबाण म्हणजे ज्याला शीड बांधतात ती आडवी किंवा तिरपी काठी.) पोर्तुगीजांना आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने खाली जाणं सोपं होतं, वारा उत्तरेकडून यायचा, पण घरी परतताना तोच वारा तोंडावर. कॅरावेल वाऱ्याला खांदा देऊन वर चढू शकायची. शिवाय त्यांनी एक उलटाच उपाय शोधला, किनारा सोडून आधी भर समुद्रात लांब वायव्येला जायचं, तिथे पश्चिमेकडचा वारा पकडायचा आणि मग घरी. घरी यायला घरापासून लांब जायचं, आणि हे पहिल्यांदा करणाऱ्या माणसाच्या पोटात काय गोळा आला असेल याचा मी बऱ्याचदा विचार करतो.

पण त्रिकोणी शिडाचे नखरे पण आहेत. दिशा बदलताना ते लांबलचक परबाण डोलकाठीच्या या बाजूने त्या बाजूला फिरवावं लागतं, त्याला हात लागतात आणि वादळात ते जिवावरचं काम. आणि आठवडेच्या आठवडे वारा मागूनच येणार असेल तर चौकोनी शीडच बरं. १४९२ ला कोलंबस निघाला तेव्हा कॅनरी बेटांवर थांबून त्याने एका कॅरावेलची त्रिकोणी शिडं काढून चौकोनी लावून घेतली, कारण पुढे पाठीवरचा वारा मिळणार हे त्याला माहीत होतं.

मग आलं मिश्रण. नाऊ (इंग्रजीत तिला कॅरॅक म्हणतात, आणि हो, पोर्तुगीज नाऊ आणि आपली नाव यांचं लांबचं नातं आहे) म्हणजे पुढच्या दोन डोलकाठ्यांवर चौकोनी आणि शेवटच्या छोट्या काठीवर त्रिकोणी शीड. लक्षात ठेवायला सोपं: पुढचे चौकोन ओढायला, मागचा त्रिकोण वळायला.

पायरी ३ : अंग बघा

चित्र समोर आलं की मी तीन गोष्टी बघतो. नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, घरासारखा उंच मजला पाण्यावर झुकलाय का? मग नाऊ. तो मजला बुटका आणि मागे सरकलेला आहे, आणि त्याच्या पुढे पोपटाच्या चोचीसारखं काहीतरी लांब बाहेर आलंय? मग गॅलियन. मागचा भाग वर चढत चढत अरुंद होतो आणि पोट मात्र पाण्यापाशी मडक्यासारखं फुगलंय? मग ते डच फ्लॉइट, त्याच्याकडे नंतर येतो.

उंच मजला उगाच नव्हता. लढाई म्हणजे शेवटी शत्रूच्या जहाजाला जाऊन चिकटायचं आणि वरून बाण, दगड, गोळ्या टाकायच्या, जो उंच तो जिंकला. पण उंच घर म्हणजे वाऱ्याला आयतं शीडच की, जहाज बाजूला ढकललं जातं. नाऊची लांबी रुंदीच्या साधारण तिप्पट, गॅलियनची चौपटीच्या आसपास, म्हणून गॅलियन सडपातळ दिसतं आणि जरा बरं वळतं. इंग्रजांच्या जॉन हॉकिन्सने १५७० च्या दशकानंतर हेच पुढे नेलं, वरचे मजले अजून छाटले, जहाज अजून बुटकं आणि लांब केलं.

एक इशारा. कोलंबसचं सांता मारिया कुठल्याही पोस्टरवर गॅलियनसारखं काढतात. ते गॅलियन नव्हतं, छोटी नाऊच होती, आणि १४९२ च्या ख्रिसमसला ती हिस्पॅनिओला बेटापाशी रुतून फुटली, तिच्या लाकडाचा तिथे एक छोटा कोट बांधला. पिंटा आणि निन्या या कॅरावेल. तसंच गॅली, गॅलियास (वल्ही आणि शिडं दोन्ही असलेली मोठी गॅली), गॅलियन आणि आपलं गलबत ही चार वेगवेगळी जहाजं आहेत, नावं सारखी वाटली तरी एकमेकांत घालू नका, मी घातली होती.

पायरी ४ : टन म्हणजे वजन नव्हे

छोटी पायरी पण इथेच माझी शीट मेली. त्या काळचा टन म्हणजे जहाजात दारूची किती पिंपं मावतात त्याचा हिशोब. पोर्तुगीज पिंप वेगळं, स्पॅनिश वेगळं, इंग्लिश वेगळं, आणि डच तर टनात मोजायचेच नाहीत, त्यांचं माप लास्ट, म्हणजे ढोबळ दोन टन. मी डचांचे लास्ट तसेच टनाच्या कॉलममध्ये टाकले होते, म्हणजे त्यांची सगळी जहाजं एका फटक्यात अर्धी. उपाय एकच, टनांवरून फक्त लहान-मध्यम-अजस्र एवढंच ठरवा. मॅगेलनच्या ताफ्यातलं व्हिक्टोरिया ८५ च्या आसपास, ड्रेकचं गोल्डन हाइंड १०० ते १५०, पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाचं फ्लोर दो मार ४००, आणि १५९२ ला इंग्रजांनी अझोर्स बेटांजवळ पकडलेलं माद्रे द देऊस १६००. हे शेवटचं बघायला डार्टमथला गर्दी लोटली होती, सात मजली जहाज त्यांनी आधी पाहिलंच नव्हतं.

पायरी ५ : तोफा किती ते नंतर, कुठे आणि कशावर ते आधी

मोठी तोफ जड, म्हणून ती खाली ठेवायला हवी, खाली ठेवायची तर बाजूच्या भिंतीला झडपेची खिडकी पाडायला हवी, आणि खिडकी पाण्याच्या जवळ आली की जहाज जरा कललं तर पाणी आत. या साखळीत सगळी गोष्ट आहे. १५४५ ला इंग्रजांचं मेरी रोझ असंच खालच्या खिडक्यांतून पाणी शिरून पोर्ट्समथच्या समोर राजाच्या डोळ्यांदेखत बुडालं. स्वीडनच्या राजाला दोन मजले भरून तोफा हव्या होत्या, ६४ तोफांचं वासा १६२८ ला स्टॉकहोम बंदरातून निघालं आणि दीड किलोमीटर सुद्धा न जाता वाऱ्याच्या दोन झोतांत आडवं झालं. आकड्यांच्या शीटमध्ये वासा टॉपला येतं बरं का. शीटवर ते बुडत नाही.

आता तोफ कशावर बसवलीय ते. १५८८ मध्ये इंग्रजांच्या तोफा चार छोट्या चाकांच्या बुटक्या गाड्यावर होत्या, धक्क्याने मागे यायच्या, तिथेच भरायच्या, पुढे ढकलायच्या. स्पॅनिश तोफा बऱ्याचशा दोन मोठ्या चाकांच्या, लांब शेपटीच्या गाड्यांवर, जवळपास जमिनीवरच्या लढाईतल्यासारख्या, अरुंद मजल्यावर ती शेपटी नुसती पायात यायची. शिवाय त्यांचा प्लॅनच वेगळा होता, एकदा मोठा बार काढायचा, मग जाऊन चिकटायचं आणि सैनिक उड्या मारणार. त्यांच्या १३० जहाजांवर सैनिक साधारण १९ हजार आणि खलाशी ८ हजार, यावरूनच कळतं. इंग्रज चिकटूच देईनात, लांबून मारत राहिले.

पण म्हणून इंग्रजांच्या तोफांनी ते आरमार बुडवलं असं समजू नका, हा शाळेतला गैरसमज. तोफांनी बुडाली ती मोजकी, कॅलेसमोर रात्री सोडलेल्या आठ पेटत्या जहाजांनी त्यांची शिस्त मोडली, नांगर तोडून पळावं लागलं, आणि मग स्कॉटलंडला वळसा घालून घरी जाताना आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या वादळांनी खरं काम केलं. नांगरच मागे राहिले तर खडकाळ किनाऱ्यावर थांबणार कशाच्या जोरावर?

पायरी ६ : माणसं, पाणी आणि वाऱ्याचं कॅलेंडर

ही पायरी सगळे गाळतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. वास्को द गामाचं बघा. जुलै १४९७ ला लिस्बनहून ४ जहाजं आणि १७० च्या आसपास माणसं निघाली. आफ्रिकेतल्या मालिंदीहून कालिकतकडे निघाले तेव्हा सोबत तिथला वाटाड्या होता, मोसमी वाऱ्याची वेळ बरोबर होती, साधारण २३ दिवसांत अरबी समुद्र पार. परतताना साहेबांनी वाऱ्याची वाट बघितली नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून निघाले, वारा कधी पडलेला तर कधी उलटा, आणि तेच अंतर कापायला जवळपास तीन महिने. ताजं काही खायला नाही, हिरड्या सुजून दातांवर चढायला लागल्या, तीसेक माणसं त्या एका टप्प्यात गेली. शेवटी तीन जहाजं हाकायला माणसंच उरली नाहीत म्हणून साओ राफाएल त्यांनी स्वतःच्या हाताने जाळलं. जहाज धडधाकट होतं, जाळलं ते खलाशी नाहीत म्हणून!

आपल्याकडचा कोणीही तांडेल त्यांना सांगू शकला असता की नारळी पौर्णिमेनंतर समुद्र मोकळा होतो पण पश्चिमेला जायचा वारा नीट धरायला अजून थांबावं लागतं. पुढे पोर्तुगीज शिकले, लिस्बनहून मार्च-एप्रिलला निघायचं, सप्टेंबर-ऑक्टोबरला गोव्यात, आणि परत डिसेंबर-जानेवारीत. हे कॅलेंडर चुकलं तर वर्ष गेलं.

मॅगेलनची ५ जहाजं १५१९ ला अडीचशेच्या आसपास माणसं घेऊन निघाली, १५२२ ला एकटं व्हिक्टोरिया एल्कानोच्या हाताखाली पृथ्वीला फेरी मारून परत आलं, त्यावर १८ माणसं. मॅगेलन स्वतः फिलिपिन्समध्येच मारला गेला होता, तरी फेरी त्याच्या नावावर.

पोर्तुगाल मुळात छोटा देश, खलाशी आणणार कुठून? १५०५ च्या ताफ्यातला एक किस्सा सांगतात, जोआओ होमेम नावाच्या कप्तानाच्या जहाजावर शेतातून उचललेली पोरं भरली होती, त्यांना जहाजाची डावी-उजवी बाजू कळेना, मग त्याने एका बाजूला कांदे बांधले, दुसऱ्या बाजूला लसूण, आणि सुकाणूवाल्याला ऑर्डर द्यायची ती कांद्याकडे घे, लसणीकडे घे. माझ्या शीटमध्ये "माणसं" हा कॉलम होता, पण त्यातल्या कितींना कांदा-लसूण लागत होता हा नव्हता.

पायरी ७ : लाकूड कुठून आलं

बोटीवाल्या माणसाला जुनी बोट दाखवा, तो आधी लाकडाला टिचकी मारून बघतो. तुम्ही पण तेच करा. लिस्बनची नाऊ लिस्बन-गोवा-लिस्बन अशा तीन-चार फेऱ्यांत थकायची, उष्ण पाण्यातली कीड लाकूड पोखरून चाळण करायची. १५६० च्या सुमारास गोव्यात सागवानात बांधलेली चागास नावाची नाऊ मात्र वीस वर्षांहून जास्त चालली. वसई, दमण, गोवा इथे पोर्तुगीज जहाजं बांधून घ्यायचे ते काही आपल्यावरच्या प्रेमापोटी नाही, सागासाठी. हिंदी महासागरातली आपली आणि अरबांची बरीच जुनी जहाजं फळ्यांना भोकं पाडून काथ्याने शिवलेली असायची, लवचिक, वाळूवर चढली तरी फुटायची नाहीत, दुरुस्ती स्वस्त, पण मोठ्या तोफेचा धक्का सोसायला ती केलेलीच नव्हती.

उलट टोकाचं उदाहरण इजिप्तच्या ममलुक सुलतानाचं. त्याला पोर्तुगीजांशी लढायला तांबड्या समुद्रात आरमार हवं होतं आणि तिथे जहाजाला लागेल असं झाडच नाही. मग तुर्कांच्या मुलखातून लाकूड भूमध्य समुद्रातून आणायचं, आणि शेवटी उंटांवर लादून वाळवंटातून सुवेझला न्यायचं. त्या आरमाराचं एक एक जहाज किती महाग पडलं असेल बघा, आणि एक बुडालं तर दुसरं कधी येणार.

डचांकडे पण जंगल नव्हतं, ते बाल्टिक भागातून लाकूड आणायचे, पण १५९४ च्या सुमारास त्यांच्याकडे पवनचक्कीवर चालणारी करवत आली. आणि त्याच सुमारास होर्न गावात फ्लॉइट. मडक्यासारखं पोट, वरचा मजला अरुंद, कारण डेन्मार्कची सामुद्रधुनी पार करताना जकातीचा हिशोब वरच्या मजल्याच्या रुंदीशी बांधलेला होता (जुगाड फक्त आपल्याकडेच होतो असं नाही). तोफा जवळजवळ नाहीत, दोऱ्या ओढायला कप्प्या भरपूर, त्यामुळे तेवढाच माल दुसऱ्यांच्या निम्म्या माणसांत जायचा. माझ्या शीटमध्ये तोफा कमी म्हणून फ्लॉइटला भोपळा होता. पण डचांचा पैसा या असल्या बिनतोफेच्या बोटींनी आणला आणि त्याच पैशातून तोफवाली जहाजं झाली.

पायरी ८ : मालक कोण, आणि झेंडा खरा आहे का

पोर्तुगालच्या भारत फेऱ्या राजाच्या. स्पेनमध्ये राजाचा परवाना आणि सेव्हिलमधल्या सरकारी कचेरीची देखरेख. इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी १६०० ची, डचांची १६०२ ची, शेअर विकून उभी राहिलेली, आणि तिला स्वतः युद्ध करायचा, किल्ले बांधायचा अधिकार. राजाचं जहाज बुडालं तर राजा कर्जात, कंपनीचं बुडालं तर हजार लोकांचं थोडं थोडं. मला विचाराल तर १६०० नंतर पारडं फिरलं ते जहाजांच्या आकारापेक्षा या हिशोबामुळे.

झेंड्याची गंमत म्हणजे १५८० ते १६४० स्पेन आणि पोर्तुगाल एकाच राजाखाली होते. १५८८ च्या त्या "स्पॅनिश" आरमाराचं मुख्य जहाज साओ मार्तिन्यो पोर्तुगीज गॅलियन होतं. म्हणजे ते कोणाच्या खात्यात टाकणार?

आणि सत्ता म्हणजे दरवेळी लढाई नाही. पोर्तुगीजांनी कार्ताझ नावाचा परवाना काढला, अरबी समुद्रात व्यापारी जहाज चालवायचं तर आमच्याकडून कागद घ्या, आमच्या बंदरात जकात भरा. थोडी जहाजं, मोक्याचे किल्ले (गोवा १५१०, मलाक्का १५११, होर्मुझ १५१५) आणि कागद, एवढ्यावर त्यांनी अख्खा समुद्र वेठीला धरला. मुघल बादशहाच्या आईच्या मालकीचं रहिमी जहाज पण कार्ताझ घेऊन चालायचं. १६१३ ला पोर्तुगीजांनी कागद असूनही ते सुरतेजवळ पकडून गोव्याला नेलं आणि जहांगीर भडकला. जगातल्या सगळ्यात श्रीमंत दरबारांपैकी एक, आणि राजमातेच्या जहाजाला दुसऱ्याचा परवाना!

पायरी ९ : आता करून बघू, चौल १५०८ आणि दीव १५०९

मुद्दाम या दोन घेतल्या कारण बाजू जवळपास त्याच आहेत आणि मधे एक वर्ष पण नाही.

मार्च १५०८, चौल, म्हणजे आत्ताच्या रेवदंड्याची खाडी. आत पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाचा मुलगा लॉरेन्सो, व्यापारी जहाजांच्या संरक्षणाला आलेला. बाहेरून अमीर हुसेन, तोच उंटांवरच्या लाकडाचा सुवेझवाला ताफा घेऊन, आणि मागून दीवचा मलिक अयाझ त्याच्या हलक्या वल्ह्यांच्या बोटी घेऊन. पायऱ्या लावा. समुद्र कोणता? समुद्रच नाही, खाडी, अरुंद, भरती-ओहोटीची. शिडं? खाडीत नाऊला वळायला जागा नाही, वल्हेवाल्यांना आहे. तोफा? पोर्तुगीजांच्या बऱ्या, पण लढाई लांबली. शेवटी बाहेर निघताना लॉरेन्सोच्या जहाजात पाणी शिरलेलं, प्रवाहाने ते सरकत गेलं आणि कोळ्यांनी जाळी लावायला पाण्यात ठोकलेल्या खुंटांत अडकलं. ओढून काढायचा प्रयत्न झाला, निघालं नाही. लॉरेन्सो तिथेच मारला गेला. म्हणजे त्या काळच्या सगळ्यात आधुनिक आरमाराचं मुख्य जहाज पकडलं ते कोणा चौलच्या कोळ्याच्या डोल जाळ्याच्या खुंटांनी, ज्याचं नाव कुठल्याही शीटमध्ये येणार नाही.

३ फेब्रुवारी १५०९, दीव. बाप सूड घ्यायला आला, १८ जहाजं, मुख्य जहाज तेच ४०० टनी फ्लोर दो मार. समोर अमीर हुसेन, मलिक अयाझ, आणि कालिकतच्या सामुद्रीच्या (म्हणजे तिथल्या राजाच्या) ढीगभर छोट्या बोटी. बोटी मोजल्या तर पोर्तुगीज हरायला हवेत. पण यावेळी हुसेनने जहाजं बंदराच्या तोंडाशी किनाऱ्याच्या तोफांच्या आधाराला नांगरून ठेवली, म्हणजे चौलला जे त्याचं बळ होतं, हलणं, तेच त्याने सोडलं. नाऊंना आता शोधत फिरायची गरज नाही, टार्गेट जागेवर उभं. त्या उंच, जाड फळ्यांच्या, वाऱ्यासोबत आत आल्या, जवळून तोफा, मग उंच मजल्यावरून उड्या. छोट्या बोटी नाऊच्या भिंतीपाशी येऊन वर बघत राहिल्या, चढणार कसं? मलिक अयाझचं मन तर लढाईत नव्हतंच, त्याला उद्या त्याच बंदरात धंदा करायचा होता. आणि सुवेझच्या ताफ्याला बदली जहाजं म्हणजे परत उंट.

तीच माणसं, तशीच जहाजं. एकदा खाडीत एकाने मारलं, एकदा बंदराच्या तोंडाशी दुसऱ्याने. आता तुम्हीच सांगा "कोणाची नेव्ही भारी" या रकान्यात काय लिहायचं. आणि जिंकलेलं फ्लोर दो मार? १५११ ला मलाक्क्याची लूट घेऊन परतताना सुमात्राच्या किनाऱ्यापाशी वादळात फुटलं. म्हातारं, गळकं जहाज होतं, सगळ्यांना माहीत होतं, तरी भरलं.

जमलं तर यानंतर स्वतः खांदेरी १६७९ घेऊन बसा, शिवाजी महाराजांची उथळ तळाची वल्ह्यांची गलबतं आणि इंग्रजांचं रिव्हेंज फ्रिगेट. हिंट देतो, वारा पडल्यावर कोण हलू शकतं ते आधी बघा.

बघायला कुठे जायचं

ऑनसाइटवर स्टॉकहोमला असाल तर वासा चुकवू नका, १९६१ ला वर काढलेलं खरं जहाज आहे, समोर उभं राहिलं की पायरी ५ आपोआप कळते. पोर्ट्समथला मेरी रोझचा अर्धा सांगाडा. लिस्बनला बेलेंमध्ये सागरी संग्रहालय. आणि इथल्या इथे, रेवदंडा आणि समोरचा कोर्लई. कोर्लई गावात अजून पोर्तुगीजची नातलग असलेली बोली घरात बोलतात, दुकानात उभं राहून ऐका.

मी गेलो होतो तेव्हा ओहोटी होती. खाडीत मधेच काळे ओले खुंट वर आले होते, रांगेत. होडी चालवणाऱ्या पोराने इंजिन बंद केलं, एका हाताने खुंट ढकलत ढकलत आम्हाला मधून काढलं, दुसऱ्या हातात मोबाइल. मी विचारलं भरतीला काय करतोस? म्हणाला, भरतीला हे दिसत नाहीत ना दादा, पाठ असावं लागतं.